कंट्रोलचा तांदूळ आणि भाड्याची खाती

२००७-०८च्या सुमारास छत्तीसगडच्या अन्न खात्याने एक सोय केली होती. महाराष्ट्रात तिच्याबद्दल फारसं कुणी ऐकलं नसेल. खात्याच्या वेबसाइटवर जायचं, राज्यातलं कुठलंही राशन दुकान निवडायचं आणि आपला मोबाइल नंबर तिथे नोंदवून ठेवायचा. मग त्या दुकानासाठी सरकारी गोदामातून ट्रक निघाला की फोनवर मेसेज यायचा. ट्रकचा नंबर काय, माल किती. नंबर नोंदवणाऱ्याकडे राशन कार्ड असलंच पाहिजे, अशी अट नव्हती. शाळेतले गुरुजी, तालुक्याचा वार्ताहर, सरपंचाशी ज्याचं पटत नाही असा पंच, कुणीही नोंदवावा. ट्रकही साधे नव्हते, पिवळे रंगवलेले होते. असा पिवळा ट्रक भलत्याच राइस मिलच्या फाटकात वळला तर चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसालाही कळावं, असा त्यामागचा हिशेब.

सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्यात संगणक शिरला, असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर लॅपटॉप, ऑनलाइन खरेदी आणि पोरांचे मोबाइल गेम येतात. छत्तीसगडमध्ये तो आधी तांदळातून शिरला. कुणाच्या घरात संगणक नव्हता, पण घरात शिजणारा भात कुठून निघाला आणि कधी पोचला याची नोंद कुठेतरी होत होती, आणि ती कुणालाही बघता येत होती.

मी हा सगळा मामला पाहिला तो पद्मनाभपुरात मुक्काम ठोकून. मावशीचं घर तिथे आहे. कागदोपत्री ही वसाहत दुर्ग महापालिकेत येते, पण बोलताना इथली माणसं ‘दुर्ग-भिलाई’ एका दमात म्हणतात, आणि बाहेरच्याला पत्ता सांगताना नुसतं ‘भिलाई’ म्हणून मोकळी होतात, कारण भिलाई म्हटलं की पोलाद कारखाना आठवतो आणि पुढचं समजावून सांगावं लागत नाही. नागपूरकराला हा मुलूख परका नाही. पुण्याहून हावड्याला जाणारी आझाद हिंद इथूनच जाते; गोंदिया सोडलं की डोंगरगड, राजनांदगाव आणि मग दुर्ग. १७५८ पासून रतनपुरात बिंबाजी भोसल्यांचा कारभार होता, आणि १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे दुर्ग, रायपूर, बिलासपूर इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. ‘छत्तीसगढ मित्र’ हे इथलं पहिलं नावाजलेलं हिंदी मासिक १९०० साली काढलं ते माधवराव सप्रे यांनी. त्यानंतर कारखान्याच्या नोकरीसाठी आलेली घरं वेगळी. मावशीचं घर या दुसऱ्या प्रकारातलं.

मावशी अजूनही राशनच्या दुकानाला ‘कंट्रोल’ म्हणते. विदर्भात जुन्या माणसांच्या तोंडी हाच शब्द आहे. तिच्या लेखी कंट्रोलचा तांदूळ म्हणजे खड्याचा, वासाचा, ‘गायीला घालायचा’ तांदूळ. एके काळी छत्तीसगडमध्ये तोही मिळत नव्हता.

२००० साली राज्य झालं तेव्हा राशनची दुकानं खासगी दुकानदारांच्या हाती होती. दुकान महिन्यातून दोन-तीन दिवस उघडायचं, ‘माल आला नाही’ हे ठरलेलं उत्तर. २००४ मध्ये राज्य सरकारने नवा नियंत्रण आदेश काढला आणि खासगी व्यापाऱ्यांकडून ही दुकानं काढून ग्रामपंचायती, बचतगट, सहकारी सोसायट्या आणि वन समित्यांकडे दिली. व्यापारी कोर्टात गेले, पण आदेश टिकला. दुकानदाराचं कमिशन कितीतरी पटींनी वाढवलं, कारण आठ-दहा रुपये क्विंटलवर कुणी प्रामाणिकपणे दुकान चालवील ही अपेक्षाच बिनबुडाची होती. २००७ मध्ये तांदळाचा भाव किलोला तीन रुपयांवर आणला, नंतर तो आणखी उतरला. मुख्यमंत्री रमण सिंह यांना लोक ‘चाउर वाले बाबा’ म्हणू लागले ते यामुळे. चाउर म्हणजे तांदूळ. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ‘चावल उत्सव’ नावाने सगळ्यांसमोर वाटप व्हायचं.

संगणक आला तो या सगळ्यात. धान खरेदीपासून सुरुवात झाली. छत्तीसगडमध्ये शेतकऱ्याचं धान सरकारसाठी सहकारी सोसायटी विकत घेते. या भागातल्या सहकाराचा पाया घालणाऱ्यांत रायपूरचे वामनराव लाखे होते. १९१३ साली तिथे सहकारी बँक उभी राहिली ती त्यांच्या खटपटीतून. तर त्या सोसायट्यांच्या दीड हजारांहून अधिक खरेदी केंद्रांवर २००७-०८च्या हंगामात संगणक ठेवले गेले. शेतकऱ्याचं नाव, जमीन, आणलेले कट्टे, वजन अशी नोंद व्हायची आणि तिथल्या तिथे चेक छापून हातात मिळायचा. ज्या केंद्रांवर फोनची लाइन नव्हती तिथून दिवसभराची नोंद घेऊन मोटरसायकलवर माणूस निघायचा आणि लाइन असलेल्या ठिकाणी ती चढवायचा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, म्हणजे एनआयसीचे ए. के. सोमशेखर आणि त्यांचे सहकारी यांनी ही सगळी व्यवस्था रचली. मला त्यातला मोटरसायकलवाला फार आवडतो. इंटरनेट नाही म्हणून योजना अडवून धरायची नाही, खिशात पेनड्राइव्ह घालून खड्ड्यांच्या रस्त्याने डेटा पोचवायचा. पुढच्या पंधरा वर्षांत ‘नेटवर्क नाही’ हे कारण सांगून लोकांना दारातून परत पाठवणाऱ्या यंत्रणा निघाल्या, तेव्हा या माणसाची आठवण कुणी ठेवली नाही.

धान सोसायटीत, तिथून मिलमध्ये, मिलमधून तांदूळ गोदामात, गोदामातून दुकानात. दर टप्प्याची नोंद एकाच साखळीत बसली. मागच्या महिन्याचा किती माल दुकानात शिल्लक आहे ते वजा करून पुढचा कोटा निघू लागला, आणि हे सारं वेबसाइटवर उघडं ठेवलं गेलं.

याचा परिणाम किती झाला हे मोजायला सरकारचा स्वतःचा आकडा कामाचा नव्हता. आरोपीनेच निकालपत्र लिहिल्यासारखं झालं असतं. मोजमाप आलं दुसरीकडून, राष्ट्रीय नमुना पाहणीतून. पाहणीचे लोक निवडक घरांत जाऊन विचारतात की गेल्या तीस दिवसांत घरात तांदूळ किती खाल्ला आणि त्यातला राशनचा किती. या घरांवरून राज्यभरच्या घरांचा अंदाज बांधतात. इकडे अन्न महामंडळाने राज्याला किती धान्य उचलू दिलं याचा आकडा असतोच. दोन्हींतला फरक म्हणजे वाटेत मुरलेला माल. जाँ द्रेझ आणि रीतिका खेरा या अर्थतज्ज्ञांनी ही वजाबाकी राज्यवार केली. २००४-०५ मध्ये छत्तीसगडचं निम्म्याहून थोडं जास्त धान्य वाटेत गडप होत होतं. २०११-१२च्या पाहणीत ते प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आलं. त्याच वेळी देशाचा आकडा चाळीसच्या वर होता.

ही पाहणी आणि भिलाईचा कारखाना यांचं एक जुनं नातं आहे. नमुना पाहणी १९५० मध्ये सुरू झाली ती प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने. कोलकात्याच्या त्यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५६ मध्ये देशातला पहिला डिजिटल संगणक, एचईसी-टू-एम, सुरू झाला. अवजड उद्योगांवर भर देणारा दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडाही त्यांचाच. त्या आराखड्यातल्या पोलादाच्या स्वप्नात भिलाई होतं. सोव्हिएत संघाशी करार १९५५ चा. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. देशाची मोजदाद करायची आणि त्या मोजदादीवर पोलादाचे कारखाने उभारायचे, ही एकाच डोक्यातली कल्पना. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला तो याच पाहणीच्या आकड्यांवर. म्हणजे दुर्गच्या बाईला तांदूळ पोचला की नाही, याचा पुरावा तिच्या अंगठ्याने दिला नाही. तिला प्रश्न विचारून, उत्तर कागदावर उतरवून तो मिळाला.

पुरस्कार मात्र संगणकाला मिळाले. ते साहजिक आहे. व्यापाऱ्यांची दुकानं काढून घेणं ही गोष्ट परिषदेत स्लाइडवर दाखवता येत नाही, डॅशबोर्ड दाखवता येतो. पण दुकानं बदलली नसती, भाव उतरला नसता आणि कार्डं इतक्या जणांना मिळाली नसती, तर वेबसाइटवर नुसता चोरीचा सुबक तक्ता दिसला असता.

या साखळीला काय दिसत नव्हतं, तेही सांगायला हवं. फेब्रुवारी २०१५ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने राज्याच्या नागरिक आपूर्ति निगमवर छापे घातले. हाच तो ‘नान घोटाळा’. आरोप असा होता की मिलवाल्यांकडून निकृष्ट तांदूळ स्वीकारण्यासाठी लाच घेतली जात होती. राजकारण्यांनी, कोर्टांनी आणि पुढच्या सरकारांनी त्याचा जो गुंता केला तो इथे सोडवत बसत नाही. मला त्यातली एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटते की क्विंटल बरोबर होते. ट्रक निघाले, पोचले, वजन जुळलं. तांदळात तुकडा किती, हे मात्र माणसानेच मूठभर दाणे हातात घेऊन पाहायचं होतं. मावशीचा ‘गायीचा तांदूळ’ कुठल्याही वेबसाइटवर दिसला नसता. त्याच सुमाराची दुसरी गोष्ट, २०१३ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी इतकी नवी कार्डं वाटली गेली की कार्डांची संख्या जनगणनेतल्या कुटुंबांच्या पुढे गेली. निवडणूक झाल्यावर छाटणी सुरू झाली. संगणकाने दोन्ही कामं तितक्याच इमानाने केली.

आणि मग अंगठा आला.

आधीचा एक टप्पा चांगला होता. २०१२ मध्ये रायपूर शहरात ‘कोअर पीडीएस’ सुरू झालं. कार्डधारकाने शहरातल्या कुठल्याही राशन दुकानात जावं, ‘मेरी मर्जी’. दुकानदार तुसडेपणाने वागला की गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत. डेटामुळे गरिबाला गिऱ्हाइकाचा रुबाब आला, असं म्हणता येईल असे प्रसंग कमी असतात, हा त्यांतला एक. पण २०२२ च्या फेब्रुवारीत छत्तीसगड ‘वन नेशन वन राशन कार्ड’मध्ये सामील झालं तोवर दुकानादुकानांत ई-पॉस यंत्रं पोचली होती, आणि तांदूळ घ्यायला आता आधारशी जुळणारा अंगठा लागू लागला. बाहेरगावी राशन मिळावं ही सोय खरी, बांधकामावर भटकणाऱ्या मजुरांना ती हवीच होती. पण बाहेरगावी न जाणाऱ्या लाखोंनाही त्यासाठी दर महिन्याला आपण आपणच आहोत हे सिद्ध करावं लागतं.

एका दुकानात तासभर उभं राहून मी हे पाहिलं. मशीन पाकिटाएवढं, वर काच, खाली कागदाची गुंडाळी. समोर एक म्हातारी, चार घरची भांडी घासणारी. पहिल्यांदा अंगठा लावला, लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा लावला, लाल. दुकानातली पोरगी म्हणाली, ‘‘दाई, दूसर उंगली ला लगा.’’ तर्जनी, मधलं बोट, मग डावा हात. पोरगी स्वभावाने चांगली, ओरडत नव्हती. तिने ड्रॉवरमधून ओलं फडकं काढलं, म्हातारीची बोटं एकेक करून पुसली, दाबून धरली. अनामिकेवर हिरवा दिवा लागला. रांगेतल्या बायका हसल्या, म्हातारीही हसली. पावती निघाली. तांदूळ मोजायला दोन मिनिटं लागली, बोट सापडायला त्याहून जास्त.

इथे हिरवा दिवा लागला, सगळीकडे लागतोच असं नाही. शेजारच्या झारखंडमध्ये, सिमडेगा जिल्ह्यात, २०१७ साली अकरा वर्षांची मुलगी गेली. घरचं राशन कार्ड आधारशी जोडलेलं नसल्याने बंद झालं होतं आणि पोर उपाशी मेली, असं तिच्या आईचं म्हणणं. सरकारने आजाराचं कारण पुढे केलं. देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याकडचा, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलेला. तेव्हा भाषणांत आश्वासन होतं की ज्यांच्याकडे कुठलाच कागद नाही त्यांना आता ओळख मिळेल. पंधरा वर्षांनी ज्यांच्याकडे सगळे कागद आहेत तेही ‘ई-केवायसी झालं का’ असं एकमेकांना विचारत फिरतात. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे सांगायला नको. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसी सक्तीचं झालं तेव्हा ओटीपीची वाट बघत किती रात्री जागवल्या गेल्या ते घरोघर ठाऊक आहे.

सुरुवातीच्या त्या मेसेजपासून इथवर काय उलटलं, ते मला या रांगेत उभं असताना जाणवलं. तेव्हा सरकारचा ट्रक लोकांना दिसत होता. आता लोकांचं बोट सरकारला दिसतं. यंत्रणा तीच, खातं तेच, नजर मात्र फिरली. चोरी गोदाम आणि दुकान यांच्यामध्ये होते हे माहीत असून पहारा दुकानाच्या या बाजूला, घेणाऱ्यावर बसवला गेला.

हा पहारा फक्त गरिबांवर नाही. आमचे काका कारखान्याच्या रेल अँड स्ट्रक्चरल मिलमधून निवृत्त झाले. आगगाडीचे रूळ लाटणाऱ्या माणसाच्या बोटांवर रेषा राहत नाहीत. ईपीएस-९५ची पेन्शन किरकोळ आहे, पण ती चालू राहावी म्हणून वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन मॅनेजरसमोर उभं राहिलं की भागायचं. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ आलं. काकांच्या अंगठ्याने दरवर्षी रडवलं. आता चेहऱ्यावरून होतं. ताई, म्हणजे माझी मावसबहीण, त्यांना खिडकीसमोर खुर्चीत बसवते, मोबाइल तोंडासमोर धरते आणि सांगते, ‘‘बाबा, डोळे मिचकवा.’’ काका डोळे वटारतात. ‘‘वटारू नका, मिचकवा!’’ जिवंत माणूस पापण्या हलवतो, फोटो हलवत नाही, हे त्यामागचं तंत्र. तिसऱ्या-चौथ्या वेळी गोल हिरवा होतो आणि काका आणखी एका वर्षापुरते अधिकृतपणे हयात ठरतात. खरं सांगायचं तर ही सोय झाली. गुडघे गेलेल्या माणसाला बँकेचा जिना चढावा लागत नाही. काका स्वतः त्यावर खूश आहेत. ‘‘मॅनेजरपेक्षा बरा आहे हा,’’ मोबाइलकडे बोट दाखवून म्हणतात. ‘‘निदान जेवणाची सुट्टी घेत नाही.’’

ज्याच्या घरात ताई नाही त्याने कुठे जावं? त्याने ‘चॉइस सेंटर’मध्ये जावं. राज्याच्या ‘चिप्स’ या संस्थेने अगदी सुरुवातीच्या काळात ‘चॉइस’ नावाचा प्रकल्प आणला होता, छत्तीसगढ ऑनलाइन इन्फर्मेशन फॉर सिटिझन एम्पॉवरमेंट. प्रकल्पाची नावं नंतर बदलली, लोकसेवा केंद्र झालं, कॉमन सर्व्हिस सेंटर झालं, पण इथल्या लोकांच्या तोंडी आजही चॉइस सेंटरच आहे. दहा बाय दहाचं दुकान, एक संगणक, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन, भिंतीवर पासपोर्ट फोटोंचे दर. सरकार इथे खुर्चीवर बसलेलं असतं आणि त्याचं वय तेवीस-चोवीस असतं.

त्या खुर्चीवरून दिवसभरात काय काय जातं! आयुष्मान कार्ड. उत्पन्नाचा दाखला. ‘भुइयां’ पोर्टलवरून जमिनीचा बी-वन आणि खसरा, म्हणजे आपल्या सातबाऱ्याचे चुलतभाऊ. धान विकायचं असेल तर ‘टोकन तुंहर हाथ’ या ॲपवरून सोसायटीतला दिवस धरायचा. हे ॲप शेतकऱ्याच्याच हाती असावं म्हणून काढलं, पण वयस्क शेतकरी अजूनही सेंटरवाल्याकडूनच टोकन काढून घेतो. क्विंटलला ३१०० रुपये आणि एकरी २१ क्विंटलची मर्यादा असल्याने एकरच्या नोंदीत दशांश चिन्ह इकडचं तिकडे झालं तरी घरच्या लग्नावर परिणाम होतो. २०२५ च्या हंगामात ॲग्रीस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदवहीतली नोंदणी लागू झाली तेव्हा रकबा, म्हणजे जमिनीचं क्षेत्र, कमी दिसतो, खातं जुळत नाही, अशा तक्रारी घेऊन शेतकरी तहसीलला आणि सेंटरला खेटे घालत होते. महापालिका क्षेत्रात आणखी एक पर्याय निघाला होता. मे २०२२ मध्ये सुरू झालेली ‘मितान’ योजना. १४५४५ वर फोन केला की मितान घरी येऊन दाखल्याचे कागद घेऊन जायचा. मितान म्हणजे इथला जिवाभावाचा मित्र, विधी करून जोडलेला. सरकारी योजनेला याहून गोड नाव मी ऐकलेलं नाही.

सेंटरमध्ये माझ्या पुढे एक बाई महतारी वंदनच्या पैशांची चौकशी करायला आली होती. मार्च २०२४ पासून राज्यातल्या सुमारे सत्तर लाख विवाहित स्त्रियांना महिन्याला हजार रुपये मिळतात, तिचे दोन महिने आले नव्हते. पोराने नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि सांगितलं की पैसे गेलेत, पण दुसऱ्या बँकेत. आधारशी शेवटचं जोडलेलं खातं जे असेल तिथे पैसे जातात. बाईंना आठवेना. मग हळूहळू निघालं: बचतगटाच्या कर्जासाठी कुणीतरी एक खातं उघडायला लावलं होतं, पासबुक त्यांच्याकडेच. बाईंचे पैसे सुखरूप होते, फक्त ते कुठे आहेत हे त्यांच्याखेरीज सगळ्या यंत्रणेला माहीत होतं.

याच योजनेत डिसेंबर २०२४ मध्ये एक प्रकार उघडकीला आला आणि देशभर हसं झालं. बस्तर जिल्ह्यातल्या तालूर गावच्या यादीत लाभार्थी म्हणून सनी लिओनीचं नाव होतं आणि दरमहा हजार रुपये एका स्थानिक पुरुषाच्या खात्यात जमा होत होते. माणसाला अटक झाली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. पण अर्ज तपासणीच्या इतक्या पायऱ्या चढून गेला आणि नाव वाचायला कुणीच थांबलं नाही. म्हातारीची दहा बोटं तपासणाऱ्या यंत्रणेला हे नाव खटकलं नाही.

हे हसण्यावारी नेता येतं. भिलाईचं दुसरं प्रकरण तसं नाही.

‘महादेव ऑनलाइन बुक’ हे नाव २०२३ मध्ये देशभर गाजलं. सक्तवसुली संचालनालयाच्या, म्हणजे ईडीच्या, म्हणण्यानुसार या बेकायदा सट्टा ॲपचे सूत्रधार सौरभ चंद्राकर आणि रवी उप्पल, दोघेही भिलाईचे. चंद्राकर भिलाईत ज्यूसचं दुकान चालवत असे. फेब्रुवारी २०२३ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या रास अल खैमा इथे त्याचं लग्न झालं आणि त्यावर २०० कोटींच्या आसपास रोख खर्च झाला, असं ईडीने म्हटलं. त्या सप्टेंबरात ४१७ कोटींची मालमत्ता गोठवली वा जप्त केली गेली, नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने या ॲपसह २२ ॲप आणि साइटवर बंदी घातली. पुढे राज्य सरकारने तपास सीबीआयकडे दिला. आरोप राजकारण्यांपर्यंत आणि पोलिसांपर्यंत गेले; ते कोर्टात ठरेल.

मला त्यातली लग्नाची आतषबाजी नाही, कारभाराची पद्धत विलक्षण वाटते. तपास यंत्रणेने वर्णन केलंय त्याप्रमाणे: वेबसाइटवर नुसता एक व्हॉट्सॲप नंबर. त्यावर मेसेज केला की दोन नंबर मिळतात, एक पैसे भरायला, दुसरा जिंकलेले पैसे काढायला. आयडी तयार होतो. क्रिकेट, टेनिस, तीन पत्ती, अगदी निवडणुकांच्या निकालावरही पैसे लावता येतात. मुख्य कचेरी दुबईत, आणि देशभर ‘पॅनल’. एक पॅनल मालक, हाताखाली चार-पाच पोरं, नफ्याचा वाटा सत्तर-तीस. भिलाईच्या वस्त्यांतली पोरं पॅनलवर बसायला लागली, काही दुबईला गेली. संगणक येत होता, नोकरी नव्हती. कारखान्यात कायम कामगारांची संख्या वर्षानुवर्षं घटत गेली आहे. बापाच्या जागी मुलगा लागण्याचे दिवस संपले. इथल्या कोचिंग क्लासच्या फलकांवर आयआयटीत गेलेल्यांचे फोटो असतात. न गेलेल्यांचं काय झालं, त्याचं एक उत्तर पॅनल.

पण पॅनल चालवायला पैसे फिरवणारी खाती लागतात. सट्ट्याचा पैसा आपल्या नावाच्या खात्यात कोण घेईल? तर लोकांची खाती भाड्याने घ्यायची. रिक्षावाला, भाजीवाली, कॉलेजचा पोरगा. ‘किट’ म्हणजे पासबुक, एटीएम कार्ड, चेकबुक आणि त्या खात्याशी जोडलेलं सिम. त्याबदल्यात काही हजार रुपये. बँकांच्या भाषेत ‘म्यूल अकाउंट’. ज्या कागदांनी राशन मिळतं, त्याच कागदांनी, आधार आणि अंगठ्याने, हे खातं दहा मिनिटांत उघडतं. आणि नंतर पोलीस दारात येतात ते खातेदाराच्या, कारण नाव त्याचं. २०२५ मध्ये राज्यभर अशा खातेदारांच्या अटका झाल्या. आपण गुन्हा करतोय हे काहींना पक्कं माहीत होतं. काहींना खरोखर वाटत होतं की रिकामं पडलेलं खातं देण्यात काय बिघडलं. जनधनमध्ये उघडलेलं, शिल्लक शून्य, घरात पडून.

आता या आजारावरचा उपायही संगणकातच शोधला जातोय. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने अशी खाती हुडकण्यासाठी ‘म्यूलहंटर’ नावाची प्रणाली तयार केली आहे. पद्मनाभपुरापासून फार दूर नसलेल्या कुटेलाभाठात आयआयटी भिलाईच्या नव्या परिसराचं उद्घाटन २० फेब्रुवारी २०२४ रोजी झालं आणि त्या संस्थेकडे केंद्राने जे तंत्रज्ञान केंद्र सोपवलं आहे ते नेमकं वित्तव्यवहारांसाठीचं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदाही आला. फसवणूक झाली तर १९३० वर फोन करा, हे तर आता फोनच्या रिंगटोनसारखं कानावर पडतं.

ताईकडे मात्र यावरचा उपाय आधीपासून आहे, आणि तो बॉलपेनचा आहे. आधारची झेरॉक्स घरातून जाताना ती त्यावर आडवी रेघ मारून लिहिते: कशासाठी दिली, कुणाला दिली, तारीख, खाली सही. गॅसवाला असो, सिमकार्डवाला असो, मुलाची शाळा असो. एकदा सिमकार्डवाला वैतागून म्हणाला, ‘‘भाभीजी, असं लिहिलं तर कंपनी घेत नाही, कोरी द्या.’’ ताईने झेरॉक्स परत घेतली, पर्समध्ये घातली आणि पलीकडच्या दुकानात गेली.